ख्यालाचे माहेर आणि घरातील पडदा

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला होता आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेनेही त्याला गौरविले होते. मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर जवळजवळ दोन दशकांनी एक भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत उतरला होता, आणि तो मराठी होता. भारतातील चित्रपटगृहांत मात्र तो नियमित लागलाच नाही. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि महाराष्ट्रातील चित्रपटगृहे त्याच महिन्यात पुन्हा बंद झाली होती. जगभर वाखाणलेले हे गाणे मराठी माणसाने प्रथम ऐकले ते दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचावर, नाहीतर हातातील भ्रमणध्वनीवर.

पुण्या-मुंबईच्या रसिकांना ही अडचण तात्पुरती वाटली असेल. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना तिच्यात नवे काही नव्हते. मराठी चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहावा की घरी बसून, हा वाद मराठी वृत्तपत्रांतून गेली काही वर्षे रंगतो आहे. पण त्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दोन्ही दारे उघडी आहेत. ग्वाल्हेरमध्ये त्यांपैकी एक दार बहुतेक वेळा बंदच असते. हिंदी चित्रपट तेथील मल्टिप्लेक्सांत मुंबईबरोबरच लागतात. मराठी चित्रपट लागतो तो अपवादाने.

ज्या शहरात हे घडते, त्याची ओळख गोमंतकीय वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचे ‘लष्कर’ हे शहर झाले. त्यांच्यामागून सरदार, कारकून, भिक्षुक, कीर्तनकार आणि गवई यांची घराणी तेथे वसली. राजकवी भा. रा. तांबे यांचे आयुष्य याच संस्थानाच्या परिसरात गेले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरलाच त्यांचे निधन झाले. अभिनेते शरद केळकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा; ‘लई भारी’तील संग्राम आणि ‘तान्हाजी’तील शिवाजी महाराज म्हणून मराठी प्रेक्षक त्यांना ओळखतात. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील बारा लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा नोंदविली. त्यांतील पुष्कळ इंदुरात आणि महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांत राहतात. ग्वाल्हेर सीमेपासून फार दूर, आग्र्याच्या शेजारी. तेथील मराठी माणूस संख्येने थोडा आणि शहरभर विखुरलेला.

संगीताच्या बाबतीत मात्र हे शहर महाराष्ट्राचे आजोळ म्हणावे असे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी येथे ख्यालाला घराण्याचे रूप दिले. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, अशा वाटेने ही गायकी दक्षिणेत उतरली. शंकर गांधर्व विद्यालयाची स्थापना कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये केली. माधव संगीत महाविद्यालय भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये युनेस्कोने ‘संगीत नगरी’ म्हणून ग्वाल्हेरची निवड केली. अशा शहरात ख्यालगायकाच्या आयुष्यावरचा मराठी चित्रपट कोणत्या दाराने शिरतो, हे पाहिले की घर आणि चित्रपटगृह यांचा खरा संबंध उलगडतो.

त्यासाठी दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावे लागतील. पहिला ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, त्याला संगीत दिले मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकी यांनी, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे यांनी ते गाजविले. सुबोध भावे यांनी त्यावरून केलेला चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन दिवाळीत, चित्रपटगृहांत लागला. त्यातील दरबार, त्यातील सामना, भर सभेत मिळणारी दाद हे सारे मोठ्या पडद्यासाठी आणि भरलेल्या सभागृहासाठी रचलेले आहे. एखादी तान संपताच पडद्यावरचा दरबार ‘वाहवा’ म्हणतो आणि पडद्यासमोरचे लोकही टाळ्या वाजवतात. नाटकातून आलेल्या चित्रपटाला नाटकाचा श्रोता परत मिळाला, असे त्याच्या यशाचे वर्णन करता येईल. याच चित्रपटातील गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरा ‘द डिसायपल’. त्यात सामना नाही, विजय नाही. शरद नेरूळकर नावाचा तरुण मुंबईत निष्ठेने ख्याल शिकतो आणि आपण थोर गायक होणार नाही हे त्याला हळूहळू कळत जाते, एवढेच कथानक. आदित्य मोडक यांनी शरदची आणि अरुण द्रविड यांनी त्याच्या गुरूंची भूमिका केली आहे. द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डी गावाचा सूर असा या चित्रपटात पोहोचला आहे. चित्रपटातील घराणे ‘अलवर’ नावाचे आणि काल्पनिक असले, तरी गुरूच्या घरी राबणे, पहाटेचा रियाज आणि ‘आमच्याकडे असे गात नाहीत’ हा ताठा ग्वाल्हेरच्या कोणत्याही जुन्या घराला परका वाटणार नाही.

या चित्रपटात ऐकण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक मैफलीची: मोजके श्रोते, सतरंजी, तानपुऱ्यांचा अखंड नाद, आणि दुरून अतिशय संथपणे जवळ येणारा कॅमेरा. दुसरी एकट्याची: माई नावाच्या विदुषीच्या व्याख्यानांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे शरद रात्री दुचाकीवरून जाताना हेडफोन लावून ऐकतो. हा आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट लोकांसमोर येण्याच्या अवघे अकरा दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी, त्यांचे निधन झाले. शरदने माईंना कधी मैफलीत ऐकलेले नाही. त्याची सारी श्रद्धा त्या फितींवर आहे, आणि त्या फितीच त्याला माणसांपासून दूर नेतात. गाणे घरी, कानात, एकट्याने ऐकणाऱ्या माणसाची ही कथा प्रेक्षकांनीही घरी, एकट्याने, अनेकांनी तर हेडफोन लावूनच पाहिली. दिग्दर्शकाने हे ठरविलेले नव्हते. प्रदर्शनाच्या व्यवस्थेने ते घडवून आणले.

तरीही घरच्या पडद्यावर या चित्रपटाचे काही गमावलेच. तानपुऱ्याच्या खर्जातील गुंजन भ्रमणध्वनीच्या लहानशा ध्वनिवर्धकातून येत नाही. ते त्याच्या आवाक्यातलेच नाही. दूरचित्रवाणी संचाचा पडदा रुंद झाला, पण त्याचा आवाज बहुधा पातळच राहिला. संथ चौकट अंधारात, दुसरीकडे पाहायला जागा नसताना, मनाला खेचून घेते. दिवाणखान्यात तिच्यावेळी दाराची घंटा वाजते किंवा कुकरची शिटी होते. सगळ्याच चित्रपटांचे असे नुकसान होत नाही. घरगुती विनोदी चित्रपट घरी पाहिला तर त्यात फारसे उणे वाटत नाही. शांततेवर उभा असलेला चित्रपट मात्र घरातल्या आवाजात विरतो.

हा तोटा मान्य करूनही ग्वाल्हेरच्या प्रेक्षकापुढे प्रश्न उरतोच की चित्रपटगृहात हा चित्रपट त्याला मिळाला असता का. महामारी नसती तरी मिळाला असता, असे मानायला फारसा आधार नाही. त्याचे कारण चित्रपट व्यवसायाच्या रचनेत आहे.

भारतातील वितरणाचा नकाशा राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही. फार जुन्या काळी व्यवसायाने देशाचे विभाग पाडले, त्यांना ‘सर्किट’ म्हणतात आणि ती नावे आजही चालतात. मुंबई सर्किटमध्ये मुंबईसह महाराष्ट्राचा मोठा भाग, गुजरात आणि गोवा येतो. विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये जातो. ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ हा पट्टा ‘सेंट्रल इंडिया’चा. वितरणाचे हक्क या सर्किटांनुसार विकले जातात. गोव्यात मराठी चित्रपट पहिल्या शुक्रवारी पणजी-मडगावात लागतो, त्यामागे भाषाप्रेम आहेच, पण गोवा मुंबई सर्किटमध्ये असल्याची सोयही आहे. मराठी निर्मात्याचे वितरक याच सर्किटमध्ये बसतात. ‘सेंट्रल इंडिया’साठी त्याला वेगळा वितरक शोधावा लागतो आणि थोड्याशा खेळांसाठी असा वितरक हात घालत नाही.

आता एका खेळाचा हिशेब मांडू. समजा, ग्वाल्हेरच्या एखाद्या मल्टिप्लेक्सात मराठी चित्रपटाचा एक खेळ ठेवला, तिकीट १५० रुपये आणि प्रेक्षक वीस आले. शंभर रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. तो वजा जाता प्रत्येक तिकिटाचे सुमारे १२७ रुपये उरतात. वीस प्रेक्षकांचे २,५४२. पहिल्या आठवड्यात यातील साधारण निम्मा वाटा वितरकाकडे जातो. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात दोन महिने संप चालला, तेव्हा ठरलेली विभागणी पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के अशी होती. म्हणजे वितरकाच्या हाती तेराशे रुपयांहूनही कमी. यातून डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क आणि जाहिरातीचा खर्च भागवायचा. चित्रपटगृहाच्या बाजूनेही हिशेब असाच कोरडा आहे: त्याच वेळेला हिंदी चित्रपट लावला तर वीसऐवजी ऐंशी माणसे येतील, आणि मल्टिप्लेक्सला मोठा आधार असलेले खाद्यपदार्थही ऐंशी जण विकत घेतील. कोणाचाही मराठीवर राग नसताना मराठी खेळ रद्द होतो.

महाराष्ट्रात या हिशेबावर शासनाचा हात असतो. मल्टिप्लेक्सांनी मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळा द्याव्यात, असा आग्रह एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने धरला, तेव्हा बराच गदारोळ झाला. पुढे सायंकाळच्या वेळेची अट सैल करून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी मुभा देण्यात आली. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी मराठी चित्रपटाला महाराष्ट्रात करमणूक कराची माफीही होती. यांतील काहीही राज्याच्या सीमेपलीकडे लागू नव्हते. ग्वाल्हेरमध्ये मराठी चित्रपट ही परराज्यातील एका भाषेची आलेली वस्तू. तिला बाजाराच्याच नियमाने उभे राहावे लागते.

ही सारी अडथळ्यांची शर्यत घरच्या पडद्याने एका झटक्यात ओलांडली. हॉटस्टार २०१५ मध्ये आले. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६ मध्ये भारतात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि इंटरनेटचा दर कोसळला. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने केवळ भ्रमणध्वनीवर पाहण्याची योजना १४९ रुपये महिना इतकी खाली आणली. मल्टिप्लेक्सातील एका तिकिटात महिनाभराचा पडदा. ‘फायरब्रँड’ आणि ‘१५ ऑगस्ट’ हे मराठी चित्रपट २०१९ मध्येच थेट नेटफ्लिक्सवर आले होते. कोकणातील दशावतारी कलावंत आणि त्याचा मुलगा यांची गोष्ट सांगणारा ‘पिकासो’ मार्च २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर थेट आला. सर्किट, खेळ, वेळ, वितरक हे शब्दच तेथे नाहीत. मुंबईच्या दादरला आणि ग्वाल्हेरच्या लष्कराला चित्रपट एकाच मध्यरात्री मिळतो. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला अशी बरोबरी पूर्वी कधी लाभली नव्हती.

घरी पाहण्याचे आणखी एक सुख अशा कुटुंबांतच कळते. तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुले घरात मराठी बोलतात, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी. तिकडच्या मराठीत ‘तो येऊन राहिला आहे’ असे बिनदिक्कत म्हटले जाते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. अशा घरात मराठी चित्रपट चालू असताना नातू मध्येच तो थांबवतो आणि विचारतो, “आजी, कातरवेळ म्हणजे काय?” आजी सांगते, आणि सांगता सांगता तिच्या आजोळची एखादी संध्याकाळही सांगून टाकते. चित्रपट दहा मिनिटे अडून राहतो. चित्रपटगृहात शेजाऱ्याने हूं केले असते. देवनागरी लिपी दोन्ही भाषांना समान असल्याने या मुलांना मराठी वाचता येते; तरी पडद्यावरील उपशीर्षके बहुधा इंग्रजीच असतात. मराठी चित्रपटाला मराठी उपशीर्षके द्यावीत, हे निर्मात्यांच्या क्वचितच मनात येते. परप्रांतातील मराठी मुलांसाठी त्याहून स्वस्त शिकवणी सापडणार नाही.

मग हरवते काय? त्यासाठी ‘बाईपण भारी देवा’ आठवावा. केदार शिंदे यांचा हा चित्रपट ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट पाहण्यासाठी स्त्रिया गटागटाने, नऊवारी नेसून, भिशीच्या आणि सोसायटीच्या मैत्रिणींसह चित्रपटगृहांत गेल्या आणि ‘सैराट’नंतरच्या मोठ्या मराठी यशांत त्याची गणना झाली. पुढे तो घरच्या पडद्यावरही आला. कथानक तेच, नट त्याच. पण तीनशे बायका एकाच प्रसंगाला एकदम हसतात तेव्हा ‘हे माझ्या एकटीच्या घरात घडत नाही’ हा जो दिलासा मिळतो, तो घरी मिळत नाही. घरी तर ज्या सासूबद्दल हसायचे, ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते.

ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी हा दिलासा भाषेशीही जोडलेला आहे. मराठी तेथे घरात बोलली जाते. गणेशोत्सवात आणि कीर्तनात जाहीरपणे ऐकू येते. बाकी वर्षभर ती उंबरठ्याच्या आत असते. मॉलच्या फलकावर हिंदी चित्रपटांच्या ओळीत एक मराठी नाव आणि मध्यंतरात पायऱ्यांवर उभ्या अनोळखी माणसांचे मराठी बोलणे, एवढ्यानेही शहरात आपण किती जण आहोत हे एकमेकांना कळते. घरच्या पडद्याने चित्रपट दिला, पण ही ओळख दिली नाही. एकाच गल्लीतील चार मराठी घरांनी एकाच रात्री ‘द डिसायपल’ पाहिला असेल आणि त्यांना एकमेकांचा पत्ताही लागला नसेल.

वास्तविक एकत्र बसून ऐकण्याची शिस्त या शहराला नव्याने शिकवावी लागत नाही. दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो; २०२४ मध्ये त्याचे शंभरावे वर्ष झाले. समाधीजवळ सकाळी ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा आणि मीलाद यांनी त्याचा आरंभ होतो आणि मग मोकळ्या आभाळाखाली, कडाक्याच्या थंडीत, शाली पांघरून लोक रात्री उशिरापर्यंत गाणे ऐकत बसतात. त्यांतल्या बहुतेकांकडे तेच राग, त्याच गायकांच्या आवाजात, भ्रमणध्वनीवर फुकट आहेत. तरी ते येतात. (पडद्याआडून ऐकण्याची परंपराही, म्हटले तर, याच गावची: बडे महंमद खाँचे गाणे हद्दू-हस्सू या भावांना पडद्यामागे बसवून ऐकविले गेले आणि त्यांनी ते उचलले, अशी आख्यायिका आहे.)

येथवर पाहता घर आणि चित्रपटगृह हे दोन प्रतिस्पर्धी वाटतात. व्यवसायाच्या आतून पाहिले तर चित्र वेगळे दिसते, आणि ग्वाल्हेरच्या प्रेक्षकाला खरा घोर लागावा तो तेथे. महामारीच्या काळात ओटीटी मंचांना नव्या चित्रपटांची भूक होती आणि चित्रपटगृहे बंद होती, म्हणून थेट प्रदर्शने झाली. चित्रपटगृहे पूर्ववत झाल्यावर मंचांनी हात आखडता घेतला. आता अनेक चित्रपटांची किंमत आधी चित्रपटगृहातील कामगिरी पाहून ठरविली जाते. मल्टिप्लेक्सचालकही दोन्हींतील अंतर राखण्यास उत्सुक आहेत: महामारीत चार आठवड्यांवर आलेले अंतर हिंदी चित्रपटांसाठी ऑगस्ट २०२२ पासून पुन्हा आठ आठवडे करण्यात आले. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’ या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी ऐनवेळी चित्रपटगृहे टाळून थेट प्राइम व्हिडिओवर जाण्याचे ठरविले, तेव्हा पीव्हीआर आयनॉक्स न्यायालयात गेली. शेवटी तो चित्रपटगृहांत लागला आणि दोन आठवड्यांनी घरी आला.

म्हणजे घरच्या पडद्यावर काय येणार, हे चित्रपटगृहाची तिकीटखिडकी ठरविते. मराठीपुरते बोलायचे तर ही खिडकी पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर येथे आहे. तेथे जो चित्रपट पहिल्या तीन दिवसांत तग धरत नाही, त्याला मंचाकडून भाव मिळत नाही, आणि मग ग्वाल्हेरच्या घरीही तो पोहोचत नाही किंवा फार उशिरा पोहोचतो. ज्या चित्रपटगृहात ग्वाल्हेरच्या माणसाला प्रवेशच नाही, तेथील गर्दी त्याच्या दिवाणखान्यातील निवड ठरवते. ‘मी घरीच पाहीन’ असे पुण्यातील प्रेक्षक म्हणतो, तेव्हा तो नकळत ग्वाल्हेरच्या प्रेक्षकाचाही पडदा मिटवीत असतो.

त्याला दुसरीही बाजू आहे. ग्वाल्हेरचा प्रेक्षक निर्मात्याला दिसत नाही. चित्रपटगृहात वीस तिकिटे विकली गेली तर वीस हा आकडा ग्वाल्हेरच्या नावावर नोंदला जातो. घरी दोनशे कुटुंबांनी चित्रपट पाहिला तरी ते शहरवार कोणाला समजत नाही. नेटफ्लिक्स डिसेंबर २०२३ पासून पाहिल्या गेलेल्या तासांचे आकडे जाहीर करते, परंतु ते साऱ्या जगाचे एकत्र असतात. ग्वाल्हेरमध्ये मराठी प्रेक्षक आहे की नाही, या प्रश्नाला वितरकाच्या वहीत आजही उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणून खेळ नाही.

ही कोंडी कोठे कोठे फुटली आहे. अमेरिकेतील मराठी मंडळांनी वितरकाच्या कृपेची वाट पाहिली नाही. सभासदांची यादी करून, पैसे आधी गोळा करून, एका पडद्याचा एक खेळ विकत घ्यायचा, हा मार्ग तेथे रुळला आहे. २०२४ मध्ये सॅन होजे येथे मराठी चित्रपटांचा महोत्सवही भरला. गोव्यात विन्सनने २००८ पासून मराठी चित्रपट महोत्सव चालविला. रवींद्र भवनांतून होणारे कोकणी चित्रपटांचे खेळ हे त्याच जातीचे उत्तर आहे, कारण कोकणीपुढची अडचण मराठीहून बिकट आहे: तिला आपल्याच राज्यात पडदा मिळविण्यासाठी झगडावे लागते.

ग्वाल्हेरमध्ये असे करायचे तर एक मोह टाळावा लागेल. मंडळाच्या सभागृहात प्रक्षेपक लावून, कोणाच्या तरी वर्गणीवर नेटफ्लिक्स चालवून पन्नास जणांनी चित्रपट पाहणे सोपे वाटते. पण ही वर्गणी व्यक्तिगत आणि घरगुती वापरापुरती असते, आणि सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. छोट्या मराठी निर्मात्याकडे ती मागितली तर तो बहुधा खूश होऊनच देईल, कारण त्याच्या वहीत नवे गाव येते. मल्टिप्लेक्सातच खेळ हवा असेल तर रविवारची सकाळ मागावी. हिंदी चित्रपटांचे प्रेक्षक तेव्हा कमी असतात, आणि शंभर जणांची तिकिटे आधी भरलेली असली की वरचा वीस प्रेक्षकांचा हिशेब पाचपट होतो. तिकीट शंभर रुपयांच्या आत बसविता आले तर करही कमी: २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

असा पहिला खेळ कोणत्या चित्रपटाचा लावावा, याबद्दल ग्वाल्हेरमध्ये मतभेद होतील. गवयांच्या गावात ते व्हायचेच. ‘कट्यार’ लावला तर टाळ्या पडतील. ‘द डिसायपल’ लावायचा तर नेटफ्लिक्सची परवानगी काढावी लागेल आणि ती सहज मिळेलच असे नाही. पण मिळाली, तर तानपुऱ्याचा तो खर्ज या शहरात पहिल्यांदा पुरता ऐकू येईल.